खोडलेला दीड

मित्रांनो, मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला जुना लाकडी ठोकळा आहे, पुढे पितळी हूक, डोक्यावर रंगाने लिहिलेलं माझं वजन, पाच न्यूटन. रडगाणं नंतर गातो, आधी माझं काम ऐका.

हुकात ताणकाटा अडकवून मला टेबलावरून सावकाश, एकसारखं ओढायचं. काटा दाखवेल तेवढं घर्षण. मी नवा होतो, तळ खरखरीत होता, तेव्हा काटा दोनवर यायचा. दोन न्यूटन लावून मीटरभर ओढलं की दोन ज्यूल काम. आता माझा वेग तर वाढत नाही, मग ती ऊर्जा जाते कुठे? माझा तळ आणि टेबल तापतात, हाताला कळणारही नाही इतकेच. आणि दर वेळी मी कणभर झिजतो.

तेव्हा मला ओढायला पोरं भांडायची. मग कुणीतरी आपल्या ताईची जुनी वही आणली आणि दोनचा आकडा वहीतून वहीत जायला लागला. मी पडलो कपाटात. माझा तळ एव्हाना गुळगुळीत झालेला, पण ते वहीला कोण सांगणार? लॅबमामांना ठाऊक होतं. मला पुसताना म्हणायचे, "टक्कल पडलं रे तुला."

यंदा एका मुलीने मला बाहेर काढलं. सगळे तिला चश्मिस म्हणायचे. तिने मला सात वेळा ओढलं, सातही वेळा काटा दीडवर. तिने दीड लिहिलं. बाकी अख्ख्या वर्गाचं दोन.

दुसऱ्या दिवशी सरांनी वही तिच्यापुढे सरकवली. "सगळा वर्ग चुकला आणि तू एकटी बरोबर, असं का?"

"सर, एकदा ओढून बघा ना."

मी हाताच्या अंतरावर होतो. सरांनी हात लावला नाही. म्हणाले, दुरुस्त कर, नाहीतर सही नाही. आणि सही नाही म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही.

मामा दारातच होते, फडकं हातात. दाराची कडी पुसत राहिले.

ती खोडायला लागली. इतकं घासलं की कागद फाटला. त्या दिवशी वर्गात घर्षणाचा प्रयोग खरा झाला तो तेवढाच, आणि त्याची नोंद कुठेच नाही.

परीक्षेत तिने मला हातही न लावता दोन लिहिलं. पैकीच्या पैकी मिळाले.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. फक्त लिहायच्या आधी एकदा ओढा. मी खोटं बोलत नाही, मला येतच नाही.