भावाची राखण

ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं. माझा धाकटा भाऊ तसलाच निघाला. शेजारच्या शाळकरी पोरीवर अत्याचार केला म्हणून त्याला शिक्षा झाली, आणि त्याने ते केलेलं नाही हे मी माहेरी, सासरी, कोर्टाच्या पायऱ्यांवर घसा फोडून सांगत राहिले. थोरल्या भावाने त्याचं नाव टाकलं, तर मी थोरल्याचंच नाव टाकलं. जामिनावर तो आमच्याकडे असताना नवरा म्हणाला, "घरात तो तरी राहील नाहीतर मी." मी नवऱ्याची बॅग भरून दिली.

सुटून आल्यावर त्याला माझ्या सोफादुरुस्तीच्या दुकानात घेतलं, वरच्या पोटमाळ्यावर झोपायला जागा दिली. जुनं रेक्झिन फाडायचं, पिना उपटायच्या, फोम कापायचा. काम चोख, पण वागणं असं की हसावं का रडावं कळेना. दुकानाचं दार काळ्या काचेचं. ते फोमचा ठोकळा लावून हा दिवसभर उघडं ठेवायचा, धूळ आली तरी. माझी आठ वर्षांची चिमी शाळेतून आली की हातातली पक्कड टाकून फुटपाथवर जाऊन उभा. दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंकडे जायचा. तिथे असेच सुटून आलेले चार-पाच जण गोल करून बसायचे.

"काय बोलता रे तिथे एवढं?" मी विचारायचे.

"खरं."

"मग इथे काय खोटं बोलतोस होय?" मी चिडवायचे. तो मान खाली घालून पिना उपटत राहायचा.

मला वाटायचं, हे सगळे नियम त्या बाईंनी लादलेले. ज्याने काही केलंच नाही, त्याने स्वतःच्या भाचीपासून का पळावं? हे खूळ त्याच्या डोक्यातून काढायचंच, असं मी ठरवलं.

त्या दुपारी एका गिऱ्हाइकाकडे माप घ्यायला जायचं होतं. चिमी कापडाच्या तुकड्यांशी खेळत होती.

"ताई, हिला बरोबर ने," तो म्हणाला.

"मामा आहेस तिचा, वाघ नाहीस."

"ताई, नको. ऐक माझं."

"गप रे. माझा विश्वास आहे तुझ्यावर." मी पायाने ठोकळा सरकवला आणि दार ओढून घेतलं. रस्त्याने जाताना छाती भरून आली होती. जगाने त्याला दिलं नाही ते मी दिलं, असं वाटत होतं.

परत आले तर दुकानाला कुलूप. मग समोरच्या औषधांच्या दुकानात, काउंटरमागे, चिमी पाय हलवत बसलेली दिसली. दुकानवाल्या बाई लगबगीने बाहेर आल्या.

"तुमचा भाऊ सोडून गेला हिला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणाला, लहान मुलीवरच्या गुन्ह्यात शिक्षा भोगून आलोय, माझ्याजवळ हिला एकटी ठेवू नका. खरं आहे का हो?"

गोळ्या घ्यायला आलेले दोघे कान टवकारून ऐकत होते. भाऊ पुढच्या चौकात भर उन्हात, सगळ्यांना दिसेल असा उभा होता. मी तरातरा गेले.

"अब्रू चव्हाट्यावर मांडलीस माझी! इतकी वर्षं मी लोकांना सांगतेय, माझ्या भावाने काही..."

"मी केलं होतं, ताई."

मी त्याच्या थोबाडीत मारली. त्याने गालाला हातही लावला नाही. मला ते दार आठवलं. त्या पोरीच्या दारात जाऊन मी तिला खोटारडी म्हटलं होतं. ती आईच्या मागे उभी होती, आणि हा माझ्या शेजारी.

"तू ऐकत होतास," मी म्हणाले. "तेव्हा का नाही बोललास?"

"तू एकटीच माझ्या बाजूची होतीस. तूही गेली असतीस."

"मग आत्ताच कशाला उगाळतोस मेल्या? तसाच खोटं बोलत राहिला असतास!"

"समुपदेशक बाईंकडच्या लोकांना माहीत आहे, म्हणून ते माझ्यावर नजर ठेवतात. तुला माहीत नाही, म्हणून तू दार लावून गेलीस."

"तिला काही..."

"हात लावला नाही. पण तू दार ओढलंस ना, तेव्हा मला बरं वाटलं, ताई. म्हणून लगेच तिला घेऊन बाहेर पडलो. समुपदेशक बाईंनाही फोन केलाय."

मला त्याची किळस आली. त्याहून संताप याचा, की माझ्या पोरीला आज त्याने वाचवलं होतं, मी नाही. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कोणाला? ज्यांना सांगता आलं असतं, त्यांना मी याच्यासाठीच तोडलं होतं.

"चिमी यापुढे दुकानात येणार नाही," मी म्हणाले. "तू कामावर ये. दार उघडं राहील, समोरच्या बाईंना मी लक्ष ठेवायला सांगेन. पण मला ताई म्हणायचं नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि पुढचा शब्द त्याने गिळला.