घोडा काय म्हणतो

"तू फक्त घोड्याकडे बघ. माणसं नुसती बडबडतात. घोडा काय म्हणतो ते मी सांगतो."

आबांचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. आबा म्हणजे माझे आजोबा. घड्याळं दुरुस्त करायचे. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मागच्या खोलीत ते काउबॉयचे विनोदी सिनेमे लावायचे. मी सात वर्षांची, त्यांच्या शेजारी स्टुलावर. परक्या भाषेतलं मला ओ की ठो कळत नसे, म्हणून सगळ्यांच्या वतीने आबाच बोलायचे. दरोडेखोर बँक लुटून पळत बाहेर यायचा, टांग मारून बसायचा आणि घोडा जागचा हलायचा नाही. मग आबा नाकातून, "मालक, आत्ता कुठे डोळा लागला होता. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

मी हसून लोळायचे. आबा कपाळावरचं भिंग काढून डोळे पुसायचे. एकदा म्हणाले, "चिमणे, हे डोळे एक दिवस संप करणार. मग मला कोण सांगणार?"

"मी सांगेन."

"घोड्याचंसुद्धा?"

"आधी घोड्याचंच."

डोळ्यांनी खरंच संप केला. आबा आता काकांकडे असतात. उजेड आणि अंधार, तेवढंच त्यांना कळतं.

माझे रोजचे तीन नेम आहेत. सकाळी दिव्यासमोर बसून ते मनात म्हणते, मगच पाणी पिते. खोटं बोलायचं नाही. आवाज चढवायचा नाही. कुणाचं मन दुखवायचं नाही. बारा वर्षं झाली.

गेल्या महिन्यात तोच दरोडेखोराचा सिनेमा मिळाला, तो घेऊन मी आबांकडे गेले. ती भाषा मला आता येते.

"आला का बाहेर?" आबांनी विचारलं.

"आला."

"बसला?"

"बसला."

"हं. आता घोडा काय म्हणतो?" आबा खुर्चीत पुढे सरकले. हसू आधीच ओठांवर येऊन बसलं होतं.

मी म्हणाले, "आबा, घोडा काही म्हणत नाही. तो माणूसच 'चल, उशीर होतोय' म्हणतोय." एवढ्यावर थांबायचं ना? नाही. "खरं तर घोडा कुठेच बोलत नाही. तुम्ही मला उगाच सांगायचात."

मी हे हळू आवाजातच म्हणाले. माझा आवाज चढत नाही.

"असं होय," आबा म्हणाले. मग खुर्चीत मागे टेकत, "मला तरी ती भाषा कुठे येत होती गं."

उरलेला सिनेमा मी शब्दन् शब्द खरा सांगितला. ते एकदाही हसले नाहीत. निघताना त्यांनी माझी पाठ थोपटली. आणि मी, सांगायला लाज वाटते, नेम पाळल्याच्या समाधानात घरी आले.

काल काकूचा फोन आला. "अगं, आबा म्हणतात खोलीतला टीव्ही काढून टाका. मी म्हटलं, नात येते की सिनेमा लावायला. तर म्हणे, तिला कशाला त्रास, मला काय कळतंय त्यातलं. उद्या अकराला वायरमन येतोय काढायला."

आज सकाळी दिवा लावला. पहिला नेम म्हटला, दुसरा म्हटला. तिसरा ओठांवर येईना. पहिला राखायला मी तिसरा मोडला होता, आणि महिनाभर रोज तोच नेम डोळे मिटून म्हणत होते. देवाने किती ऐकून घेतलं असेल.

पाणी तसंच राहिलं. काकूला फोन केला.

"वायरमनला नको म्हणून सांग. मी येतेय."

"आत्ता? आणि आबांना काय सांगू?"

"घोड्याचं थोडं राहिलंय म्हणावं."

"कुणाचं?"

"त्यांना कळेल."

सिनेमा पिशवीत टाकला. खोटं न बोलण्याच्या नेमाचं काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही. देवाला म्हटलं, तुम्हीच बघा. आरशासमोर नाकातून आवाज काढून पाहिला. जमला नाही. घोड्यापेक्षा शेळीच जास्त वाटत होती.

चपला घातल्या, दार ओढून घेतलं आणि जिना उतरता उतरता पुन्हा, अगदी हळू, "मालक, आत्ता कुठे..."