तीन वाटे आणि एक ओळ

माझी नणंद लायेफा आमदारकीच्या निवडणुकीत पडणार याची गावप्रमुखांना इतकी खात्री होती, की निकालाच्या दिवशी त्यांनी सकाळीच बकरा कापून ठेवला होता. ती निवडून आली. कापलेल्या बकऱ्याचं करणार काय? तोच तिच्या मिरवणुकीत शिजला, आणि चीफ ओवेइफा तोंडावर हसू चिकटवून स्वतः वाढायला उभे राहिले.

"पोरी, माझ्या बकऱ्यावर तुझा विजय साजरा होतोय. विसरू नकोस," ते म्हणाले.

"आमच्या तेलावर तुमचे दोन मजले चढले, चीफ. ते विसरले असते तर उभीच राहिले नसते," ती म्हणाली, आणि पातेल्यातला मोठा तुकडा उचलून त्यांच्याच पानात टाकला.

आमच्या ओपुगबेने गावात तेव्हा सगळे हसले होते. चीफसुद्धा.

लायेफा खाडीपलीकडच्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची. तिची एकच गोष्ट वर्षानुवर्षं चाललेली. आम्ही बायका चुलीवर मासळीला धुरी देत बसलो की ती येऊन बसायची आणि एखादा मासा उचलून त्याचे तीन भाग करून दाखवायची. तेलाचा पैसा कंपनीकडून चीफकडे येतो आणि तिथेच जिरतो, त्याचे असे तीन वाटे करा. पहिला प्रत्येक जाणत्या माणसाच्या हातात, बाई असो की बाप्या, ज्याच्या त्याच्या नावाने. दुसरा विजेला. तेलाबरोबर निघणारा गॅस कंपनी रात्रंदिवस चिमणीवर नुसता जाळते, त्यावर जनित्र चालवा. तिसरा कुलपात, तेल संपेल त्या दिवसासाठी.

"तेल कसलं संपतंय!" माझी सासू म्हणायची.

"आई, पामतेलाचे गोरे व्यापारी तरी जातील असं तुझ्या आजीला वाटलं होतं का? गेलेच ना?"

तिचा धाकटा भाऊ इनेतिमी, म्हणजे माझा नवरा, या सगळ्याला हसायचा. तो कंपनीत कंत्राटावर वेल्डर होता. कंत्राट संपलं तसा चार मित्रांसोबत तिवरांच्या जंगलात डिझेलची भट्टी लावून बसला. कंपनीच्या पाइपाला तोटी लावून तेल काढायचं आणि पिंपात उकळायचं. आमच्याकडे घरटी एक माणूस तरी हे करतोच. करपलेले हात घेऊन तो जेवायला बसला की म्हणायचा, "ताई राजधानीत जाऊन वाटा मागते, मी इथे बसून घेतो. फरक काय तेवढाच."

"फरक असा की तुझ्या वाट्याचा धूर पोरांच्या छातीत जातो," ती म्हणायची. भांडायची दोघं, पण एका ताटात जेवायची.

निवडून आल्यावर तिचे तीन वाटे राजधानीत कोणालातरी आवडले. नव्या सरकारला दाखवायला काहीतरी हवंच होतं. ऊर्जाखात्याचे मंत्री डॉक्टर अझिबोला यांनी तिला जवळ बसवून घेतलं, भाषणांत तिचं नाव घेतलं, आणि कायदा झाला. सगळा तिच्या मनासारखा. फक्त शेवटी एक ओळ जास्तीची होती. ज्या गावच्या हद्दीत पाइपाची तोडफोड होईल, त्या गावाच्या वाट्यातून नुकसान वळतं होईल आणि तोडणाऱ्याचं नाव गावसमितीने द्यायचं.

त्या ओळीवरून ती खूप भांडली, आणि शेवटी तिने कायद्याच्या बाजूने हात वर केला. गावी आल्यावर माझ्या चुलीपाशी बसून म्हणाली, "नाही मामापेक्षा काणा मामा बरा, सुओयो. ओळ काय, पुढे काढता येईल."

"आणि काणा मामा आपण उभे आहोत त्याच बाजूने आंधळा असला तर?" मी विचारलं.

ती माशावरची राख फुंकत राहिली.

पण दिवे आले, हे खोटं नाही. सगळ्यांत आधी आमच्याच गावात आले. ज्या दिवशी गॅस जनित्राकडे वळवला त्या दिवशी चिमणीवरचा जाळ खाली बसला, आणि मी जन्मात पहिल्यांदा खरा अंधार पाहिला. आमचं आभाळ कायम तांबडंच असायचं. त्या संध्याकाळी ते काळं झालं, पोरं घाबरून आयांना बिलगली, आणि मग घराघरांत दिवे लागले. बायकांसाठी सामाईक बर्फपेटी आली. उरलेला मासा पडेल भावात द्यायची गरज राहिली नाही. पहिला वाटा सासूच्या हातात पडला तेव्हा ती तो घेऊन दिवसभर बसून होती. नवऱ्याकडून नाही, मुलाकडून नाही, तिच्या स्वतःच्या नावाने आलेलं काही तिने कधी हातात धरलंच नव्हतं. लायेफा गावसमितीची अध्यक्ष झाली. चीफ उपाध्यक्ष.

मग पावसाळा सरता सरता एका सकाळी खाडीचं पाणी चकाकायला लागलं. दुपारपर्यंत तिवरांची मुळं काळी झाली, खेकडे चिखलावर उलटे पडले. पाइप फुटला होता. कंपनीने उपसा थांबवला, गॅस थांबला, दिवे गेले. कंपनीचा माणूस भोंग्यावर सांगून गेला की पाइप तोडलाय, चौकशी समिती येईल, आणि कायद्याप्रमाणे पहिली साक्ष अध्यक्षांची होईल.

लायेफा म्हणाली, "आधी मला स्वतःला बघू दे." इनेतिमीने होडी काढली. मीही चढले. त्या दोघांना एकटं सोडायला माझं मन होईना.

पाइप खालच्या अंगाला गंजून तळहाताएवढा गळून पडला होता. बोट लावलं तर अजून खपल्या पडत होत्या. पण तिथून दोन हातांवर एक छोटी तोटी होती, नीटनेटकी जोडलेली. लायेफाने वाकून जोडावरून अंगठा फिरवला.

"ही शिवण तुझी आहे."

"हो."

"कधीची?"

"तू आमदार व्हायच्या आधीची. दिवे आल्यापासून हात लावला नाही तिला. पण गळती इथली नाहीये, ताई. बघ ना तूच. गंजाने गेलाय तो."

"दिसतंय मला."

"मग तसंच सांग."

"आणि ही तोटी?"

तो होडीच्या काठावर बसला.

दुसऱ्या दिवशी मंत्रीसाहेब बोटीने आले. पांढरी हॅट, हातात काठी. माझ्या ओसरीवर बसून त्यांनी मिरचीचं मासळी-सार दोनदा मागून प्यायलं.

"तुम्ही 'गंज' म्हणालात की कंपनी त्या तोटीचे फोटो बाहेर काढणार," ते म्हणाले. "फोटो आहेत त्यांच्याकडे. मग आमदार भावाला वाचवते म्हणून बोंब होईल, प्रकरण कोर्टात जाईल आणि कायदाच लटकेल. चाळीस गावं रांगेत आहेत, बाई. 'तोडला' म्हणा. तुमचं गाव काही काळ अंधारात राहील, बाकीच्यांना दिवे लागतील."

"आणि भाऊ तुरुंगात."

"मी कायदा केला का? तुम्ही केलात."

"मग मी अध्यक्षपद सोडते. दुसरा कोणी सांगेल."

"जरूर सोडा. उपाध्यक्ष साक्ष देतील."

लायेफाने माझ्याकडे पाहिलं. चीफ ओवेइफांना बोलायला मिळालं तर ते एक नाव देऊन थांबणार नव्हते. बकऱ्याच्या दिवशी जे जे हसले होते त्यांची सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती.

मंत्री गेल्यावर ती घरातल्या घरात फिरत राहिली. दारापर्यंत जायची, परत यायची. सासूने तिला हाताला धरून बसवलं. "तुला मी शिकवलं ते याच्यासाठी? पाठच्या भावाचं नाव घ्यायला?"

मी म्हटलं, "ताई, गंज म्हण. खोटं थोडंच आहे?"

"खोटं नाही, अर्धं आहे. आणि दुसरं अर्धं त्यांच्या खिशात आहे, सुओयो."

इनेतिमी गारीचा, म्हणजे कसाव्याच्या रव्याचा, गोळा सारात बुडवून खात होता. मान वर न करता म्हणाला, "घ्यायचं तर तूच घे नाव. चीफच्या तोंडून मला माझं नाव ऐकायचं नाही."

असं म्हणाला खरा. पण समितीच्या दिवशी सकाळी उठले तर त्याची होडी जागेवर नव्हती. मला त्याचा राग आला, आणि बरंही वाटलं.

पत्र्याच्या सभागृहात भर दुपारी माणसं दाटून बसली होती. लायेफा उभी राहिली. वर्गात बोलायची तशीच बोलली, आवाज न चढवता.

"पाइप गंजून फुटला आहे. मी हाताने खपल्या काढून पाहिल्यात, कोणालाही नेऊन दाखवते. तिथून दोन हातांवर एक तोटी आहे. ती माझ्या भावाने, इनेतिमीने, बसवली. गळती त्या तोटीतून झालेली नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही लिहून घ्या."

समितीने लिहून घेतल्या. निर्णय मात्र एकाच गोष्टीचा झाला. पाइपाशी छेडछाड झाल्याचं अध्यक्षांनीच कबूल केलंय, सबब सगळं नुकसान गावाच्या वाट्यातून. गंजाबद्दल म्हणाले, नोंद घेतली आहे.

कोणीतरी चप्पल फेकली. ती तिला लागली नाही, खांबाला लागली. बायका एकेक करून उठल्या आणि तिच्याकडे पाठ करून बाहेर पडल्या. त्यात मीही होते. सासू घरी गेली आणि तिने आतून कडी घातली.

त्यानंतर जनित्र दुसऱ्या गावाला हलवलं, आणि पाइप दुरुस्त झाल्यावर चिमणीवरचा जाळ पुन्हा पहिल्यासारखा भडकला. इनेतिमी कॅमेरूनच्या बाजूला मासेमारांच्या वस्त्यांवर फिरतो असं कळतं. येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांबरोबर सुकी मासळी पाठवतो, निरोप नाही. लायेफा अजून आमदार आहे. प्रत्येक अधिवेशनात ती ओळ काढायचा ठराव मांडते आणि प्रत्येक वेळी हरते. राजीनामा दिला तर जागा चीफच्या जावयाला जाईल. राहिली तर सरकार तिचा चेहरा भिंतीवर लावतं. गावात तिला कोणी ओळख दाखवत नाही, पण पोराला नोकरी हवी असली की मागच्या दाराने येतात. ती सगळ्यांना चहा देते.

मी तिच्याशी बोलत नव्हते. मग एक दिवस ती माझ्या चुलीपाशी येऊन उभी राहिली. "तोरुबिरी गावाला दिवे लागतायत. बटण दाबायला बोलावलंय. येतेस?"

"माझ्या घरात रॉकेल नाही, आणि मी दुसऱ्यांचे दिवे बघायला येऊ?"

"एकटीला जाववत नाही गं."

तिच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. मी चूल विझवली.

तोरुबिरीत ढोल होते, भाजलेली राजेळी केळी होती, नवी बर्फपेटी होती. तिथली एक बाई मला विचारत होती, कुठल्या गावच्या? मी नाव सांगितलं तर तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही. मग तीच लायेफासमोर जाऊन उभी राहिली. "आमचा पाइप तुमच्याहून जुना आहे. फुटला की आम्ही कोणाचं नाव द्यायचं? माझ्या दोन मुलांपैकी कोणाचं?"

ढोल थांबले. लायेफाने बटण दाबलं नव्हतं अजून.

"तो फुटायच्या आधी जाऊन बघू," ती म्हणाली. "सगळ्यांनी मिळून. आत्ता."

पाच-सहा होड्या निघाल्या. कंपनीच्या हद्दीवर गस्तीच्या बोटीने अडवलं. अधिकारी तरुण होता, उन्हाने वैतागलेला. "परवानगी?"

"मी आमदार आहे."

"आमदारांनाही लागते, मॅडम."

ना त्याने वाट सोडली, ना आम्ही मागे वळलो. असं थांबून असताना ओहोटीने पाणी कधी ओढून घेतलं कळलं नाही. आमच्या होड्या चिखलात बसल्या, आणि त्याची बोटही बसली. आता भरती येईपर्यंत कोणालाच हलता येणार नव्हतं. त्या बाईने केळी वाटली. शिपायांनाही दिली. ते आधी नको म्हणाले, मग घेतली.

पाणी आणखी उतरलं तसा समोर चिखलातून पाइप उघडा पडला. लांबवर, तांबूस, जागोजागी फुगलेला. कोणाला उतरून जायची गरजच नव्हती.

"साहेब, काय दिसतंय?" लायेफाने विचारलं.

तो पाहत राहिला, आणि त्याचे शिपाईही पाहत राहिले. होड्यांतल्या सगळ्या बायका फोन काढून फोटो घ्यायला लागल्या तेव्हा त्याने कोणाला अडवलं नाही.

ती ओळ अजून कायद्यात आहे. त्या फोटोंमुळे तोरुबिरीचा पाइप मात्र बदलतायत, गेल्या आठवड्यापासून. सासूने परवा लायेफासाठी दार उघडलं, पाणी दिलं, आणि आत निघून गेली. माझा नवरा आलेला नाही.