वाढत्या मापाचा बाक

हौसेला मोल नसतं म्हणतात. बसचालकाच्या घरी त्या हौसेची एक नारिंगी पेटी होती. पेटीत ड्रिल, फळ्या कापायचा जिगसॉ आणि लाकूड घासायचा सँडर. पुस्तकांसाठी मांडणी करतो म्हणून त्याने ती आणली, भिंतीला एक भोक पाडलं, त्यात स्वतःचं बोट घालून पाहिलं, आणि तिथेच त्याचे नव्याचे नऊ दिवस संपले. भोकावर कॅलेंडर लागलं आणि पेटी कपाटावर गेली.

ती खाली काढली त्याच्या बायकोने. बायको शिंपीण. घराच्या पुढच्या खोलीत तिचं दुकान होतं, पण मूळचं ते सासऱ्यांचं, नानांचं. टेप कसा धरायचा इथपासून सगळं नानांनीच तिला शिकवलं, आणि शिकवून झाल्यावरही त्यांनी शिकवणं काही थांबवलं नाही. दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि तिथून सुनेच्या प्रत्येक कॉलरवर मत द्यायचे. तीही कात्री बाजूला ठेवून तावातावाने भांडायची. दोघांचा दिवस मजेत जायचा.

मग नानांचा खुबा मोडला. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, वॉकर धरून ते चालूही लागले. पण त्या खुर्चीत एकदा बसले की उठता येईना. एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाइकासमोर, मुलाने काखेत हात घालून त्यांना पोत्यासारखं वर ओढलं. त्यानंतर नाना आतल्या खोलीतून बाहेर आले नाहीत. पलंगाचा कठडा धरून उठायचे, तिथेच जेवायचे, आणि बोलवायला गेलं की म्हणायचे, "मला इथे बरं आहे."

बरं कसलं डोंबलाचं! सुनेला दुकान खायला उठायचं. कॉलर वाकडी झाली तरी कुणी बोलत नाही, हे काय जगणं झालं? दोष खुर्चीचा आहे, तिला धरायला हात नाहीत, असं तिने ठरवून टाकलं. दणकट हातांचा एक बाक करायचा, दाराशी ठेवायचा आणि नानांना त्यावर आणून बसवायचं. नाही आले तर? त्या 'नाही'चा विचारच तिने केला नाही.

रविवारी सकाळी अंगणात फळ्या पडल्या. तिने आधी कागदावर बाक बेतला, गळ्यात टेप अडकवला, कानामागे खडू खोचला आणि फळीवर खुणा केल्या.

"पेन्सिल घे की," नवरा म्हणाला.

"खडू पुसता येतो. तुम्ही फळीवर बसा."

"मी?"

"फळी दाबून धरायला शिकंजा नाहीये पेटीत. तुमचं वजन आहे."

नवरा गुमान फळीवर बसला. तिने जिगसॉ चालू केला आणि उजवा पाय जमिनीवर दाबला. मशीनच्या पायडलची सवय! जिगसॉने पायाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तो आपल्या वेगाने घुर्र करत निघाला. ती किंचाळली, नवरा किंचाळला, आणि फळीचा तुकडा टपकन खाली पडला. दोघांनी वाकून पाहिलं. काप अगदी सरळ होता.

"अहो, कापलं!" ती ओरडली. "कापलं हो!"

मग मात्र तिच्या अंगात आलं. एक फळी झाली, दुसरी झाली, नवरा एका फळीवरून उठून दुसरीवर बसत गेला. भुशाने तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या. ड्रिल हातात आलं तेव्हा तर तिने हवी तेवढी भोकं पाडली आणि वर चार-दोन नको असलेलीही पाडली, नुसती मजा म्हणून. सँडर तिला इस्त्रीसारखा वाटला. इस्त्रीआधी पाणी शिंपडतात तसं शिंपडायला तिने तांब्यात हात घातलाच होता, तेवढ्यात नवऱ्याने झडप घालून तांब्या पळवला.

शेजारचा घड्याळवाला कुंपणावर कोपरं टेकून बघत होता. "वहिनी, खुर्ची करताय की होडी?"

"होडी केली तर तुम्हाला आधी बुडवीन."

आतून नानांचा आवाज आला. "काय चाललंय गं? घर पाडताय का?"

"संध्याकाळी बाहेर या, मग कळेल!"

"बघू," नाना म्हणाले.

बघू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते 'नाही' म्हणाले नव्हते. तिने पुढचे स्क्रू असे काही आवळले की लाकूड कुरकुरलं.

ऊन उतरलं तेव्हा बाक उभा राहिला. दोघे मागे सरकून बघू लागले. दणकट होता, हातही झकास होते, पण काहीतरी चुकलं होतं. कुंपणावरून घड्याळवाला डोकं एकीकडे कलवून म्हणाला, "वहिनी, यावर बसायला शिडी कुठाय?"

बाक भलताच उंच झाला होता. तिने घाईघाईने टेप लावला आणि कपाळावर हात मारला. जुन्या खुर्चीचं माप तिने बरोबर घेतलं होतं. पण कापताना हात नेहमीच्या वळणावर गेला. शिंपी कापड कापतो तेव्हा शिलाईसाठी माया सोडतो, म्हणजे मापापेक्षा थोडं जास्त ठेवतो. तिने प्रत्येक फळीला दोन्ही टोकांना ती सोडली होती. आणि बाकाच्या पायांना, फुलपँटच्या पायांना ठेवतात तशी, खाली दुमडायला चार बोटं!

नवरा हसत हसत भुशात बसला. घड्याळवाल्याला कुंपणाचा आधार पुरेना. हसू तिलाही आलं, पण तिने ते लगेच आवरलं. नाना आता बाहेर येणार, आणि त्यांच्यासाठी हा उंट करून ठेवलेला!

"पाय कापते," ती म्हणाली आणि जिगसॉ उचलला.

"एवढं हसायला झालंय काय?" दारात वॉकर खडखडला. नाना बाहेर आले होते, बोलावल्याशिवाय.

मुलाने सगळं सांगितलं. नाना हसले नाहीत. त्यांनी सुनेकडे रोखून पाहिलं. "दुमड किती ठेवलीस?"

"चार बोटं."

"लाकडाला?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, चाराच्या खाली जायचं नाही."

नानांचे खांदे आधी हलले, मग वॉकर हलला, आणि मग ते असे हसत सुटले की मुलगा त्यांना धरायला धावला. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच करडा चेहरा केला.

"आणि ट्रायल घेतल्याशिवाय कापायला निघालीस? हे शिकवलं मी?"

ट्रायल झाली. नाना बाकाला पाठ लावून उभे राहिले, वॉकर मुलाने बाजूला नेला, आणि फारसं न वाकताच ते बसले. त्यांचे पाय जेमतेम टेकत होते. ती खडू घेऊन खाली बसली आणि पँट आखूड करायची असावी तशा बाकाच्या चारही पायांवर खुणा केल्या.

"आता उठा नाना, कापून टाकते."

मुलगा काखेत हात घालायला पुढे आला. पण नानांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच.

"ही खूण तिरकी आहे," ते म्हणाले.

"कुठे तिरकी? सरळ तर आहे!"

"डोळे आहेत की बटणं? ही बघ." त्यांनी बाकाच्या हातांवर तळवे दाबले, उभे राहिले आणि वाकून बोट दाखवलं. "ही. तिरकी आहे की नाही?"

खुणेकडे कुणी बघतच नव्हतं.

"अरे, सांगा की! तिरकी आहे की—" नानांनी वर पाहिलं. वॉकर पलीकडे होता. मुलगा हात पुढे करून तसाच थिजला होता. घड्याळवाल्याचं तोंड उघडं होतं.

नाना हळूच खाली बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले. मग तर त्यांनी लहान मुलासारखा धुडगूस मांडला. ऊठ की बस, बस की ऊठ, आणि दर वेळी "बघितलंस?" म्हणून घड्याळवाल्याला विचारायचे. तोही इमानदारीत "बघितलं, नाना" म्हणायचा. ती भुशातच बसून एका डोळ्याने हसत होती आणि दुसऱ्याने रडत होती. बाकाची उंची आता कमी करायचीच नव्हती; तिने पदराने चारही खुणा पुसून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मशीनवर बसून सदऱ्याला कॉलर लावली. बाकावरून आवाज आला, "वाकडी आहे."

कॉलर खरंच वाकडी होती. ती तिने मुद्दामच तशी लावली होती.

"अजिबात नाही!" ती कडाडली.

"थांब, दाखवतो," नाना म्हणाले आणि उठले.