वडिलांचा रकाना

गुप्तहेर म्हटलं की लोकांना काय काय वाटतं! आमचे शेषेराव साहेब दुपारी बनियनवर बसून मोसंबी सोलत असतात. नांदेडात वजिराबादेत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आणि धंदा एकच, लग्नाआधीची चौकशी. मुलगा पितो का, मुलीचं आधी कुठं ठरून मोडलं होतं का, असलं. मी सरजाबाई, त्यांची असिस्टंट. तीस वर्षं अंगणवाडी चालवली, तेव्हा बायकांकडून बातमी कशी काढायची हे मला कुणी शिकवायला नको.

साहेब मुळात पोलिसातले. दारूपायी नोकरी गेली, मग बायको सिंधू मुलीला घेऊन लातूरला माहेरी गेली. दारू सुटून चार वर्षं झाली, पण हा माणूस लातूरच्या गाडीत पाय ठेवत नव्हता. माझी सावली पोरीवर नको, म्हणायचा. या बोलण्याचा मला भारी राग यायचा.

त्या सोमवारी उदगीरचे माणिकप्पा आले. मुलासाठी लातूरची मुलगी पाहिली होती, तिच्या घरची माहिती हवी होती. त्यांनी फोटो टेबलावर ठेवला आणि साहेबांच्या हातातली मोसंबी खाली पडली. आमच्या पाटीवर साहेबांचं नाव नाही, त्यामुळे त्या भल्या माणसाला काही कळलं नाही. तो जिना उतरल्यावर साहेब म्हणाले, "मावशी, ही माझी आरती हाय."

"मग बरंच झालं की."

"काय बरं? चौकशीच्या कागदावर वडिलांच्या रकान्यात काय लिहू? खरं लिहिलं तर सोयरीक मोडते. खोटं लिहिलं तर त्या म्हाताऱ्याला फसवून राहिलो मी."

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच लातूर गाठलं. आमची पद्धत ठरलेली, खोली भाड्यानं हवी म्हणून गल्लीत हिंडायचं. पहिल्याच दारात उमाबाई नावाच्या शेजारणीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खोली कशाला? आरतीची चौकशी ना? बसा, पोहे टाकते. पोरगी लई गुणाची हाय." आणि भिंतीवरून हाक मारली, "आरते, आले गं चौकशीवाले!" माझा तीस वर्षांचा अनुभव पाण्यात गेला.

आरती धावत आली. तिनं माझ्या मागं बघितलं, पार रस्त्यापर्यंत बघितलं. "बाबा न्हाई आले?"

मी गारच पडले. मुलाच्या कानावर घालून माणिकप्पांना आमचं ऑफिस तिनंच सुचवलं होतं. "लपवून मला लग्न न्हाई करायचं, आजी. आणि बाबांचं जे काय हाय ते बाबांनीच सांगावं. फोन लावला तर उचलत न्हाईत. म्हटलं, केस असली म्हणजे तरी येतील."

तिचे डोळे भरले, आणि मला साहेबांच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटली. तिथूनच फोन केला. "पहिल्या गाडीनं निघा. न्हाईतर उद्यापासून मी कामावर येत न्हाई."

दुपारी चारला साहेब आले. सिंधूनं दारातच विचारलं, "दारू सुटून चार वर्षं झाली म्हणे. मग एवढे दिवस कशाच्या नशेत होता?" आरतीनं बापाला हाताला धरून आत नेलं, समोर माझ्याजवळचा चौकशीचा कागद ठेवला. रकाना साहेबांनी स्वतःच्या हातानं भरला. दारू, नोकरी, मोडलेलं घर, सगळं. एक ओळ माझ्या सांगण्यावरून वाढली : मुलगी बोलवत असतानाही गेला नाही.

शनिवारी माणिकप्पांनी तो कागद ऑफिसात बसून दोनदा वाचला. "बापाबद्दल इतकं आतलं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"मीच तो बाप," साहेब म्हणाले. आवाज जेमतेम टेबलापर्यंत पोचला.

माणिकप्पांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "याच्याआधी तीन स्थळं बघितली. तिन्हीकडं बाप देवमाणूस. मला तवाच शंका आली होती." त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. "हे आता दुसऱ्या कुणाला दाखवायचं न्हाई. आपण पाहुणे झालो. साखरपुड्याला कधी यावं, तेवढं बापानं सांगायचं असतं."

साहेबांनी लातूरला फोन लावला, पण तोंडातून शब्द फुटेना. शेवटी मीच फोन हिसकावून घेतला.

"जमलं गं पोरी!"

"बाबा कुठायत?"

"हे काय, समोरच रडून राहिलेत," मी म्हटलं, आणि फोन साहेबांच्या कानाला लावला.