मी, दमलेला वाटप्या

मित्रांनो, मला हात नाहीत, पाय नाहीत आणि पाठ तर नाहीच. तरीही माझी पाठ पार मोडून गेली आहे! हसू नका हं. मी एक जुना, मेमरी वाटणारा प्रोग्रॅम आहे. सगळे मला वाटप्या म्हणतात. तुम्ही एखादा फोटो उघडता, तेव्हा तो ठेवायला कॉम्प्युटरच्या मेमरीत जागा लागते. ती मी देतो. काम झालं की परत घेतो आणि पुढच्याला देतो. दिवसभर नुसतं दे, घे, दे, घे!

दोन मित्रांनी मला भाड्याच्या खोलीत, डुगडुगणाऱ्या टेबलावर बसून लिहिलं. मला कोणीही वाचावं, बदलावं, फुकट वापरावं, अशी त्यांची हौस. मग त्यांनी माझी धाकटी बहीण लिहिली. तिचं नाव मोजणी. कोणी किती जागा घेतली आणि परत केली नाही, हे ती टिपते. भारी चोंबडी! तेव्हा आमचं केवढं कौतुक झालं! पुढे एका मित्राला जुळी मुलं झाली आणि तो या कामातून गेला तो गेलाच. उरला एकटा दुसरा, माझा दादा. दिवसा त्याला नोकरी, उरलेल्या वेळात मी.

कौतुक आटलं, तक्रारी मात्र आटल्या नाहीत. एका ग्रंथालयातल्या बाईंनी तर लिहिलं, "तुमचा वाटप्या अधाशी आहे! आमचा कॉम्प्युटर रोज दुपारी आचके देतो. जमत नसेल तर बंद करा हे दुकान!"

दादाने मला उभं-आडवं तपासलं. रविवारमागून रविवार गेले. त्याच्या चहावर साय धरायची. वहिनी वैतागली, "अरे, लाव ना त्या मेल्याला कुलूप एकदाचं!"

"लावतो," दादा म्हणाला. "आजच लावतो."

मी गारठलोच. कुलूप लागलं की मला दुरुस्त करणारं कोणी उरत नाही, मित्रांनो.

दादाने बाईंना कळवलं, "मी हे काम थांबवतोय. वाटप्याला काढून टाका. त्याआधी मोजणी चालू असेल तर ती बंद करा."

थोड्याच वेळात उत्तर आलं. "अहो, मोजणी बंद केली आणि कॉम्प्युटर धावायलाच लागला की! मी तिला जागेची प्रत्येक मागणी टिपायला लावलं होतं. नीट मोजायला नको का?"

दादाने कपाळावर हात मारला. मोजणीने अधूनमधून एखादीच मागणी टिपायची असते, हे त्याने बाईंना कळवलं. टिपलेलं ठेवायलाही जागा लागते ना! जागा कोण खातंय हे शोधणारीच जागा खात होती. आणि दादाने तिला तपासलंच नव्हतं. घरचीच ना ती!

"हे तुम्ही कुठे लिहूनच ठेवलेलं नाही," बाईंनी लिहिलं. "मी लिहून देऊ?"

"द्या ना. खरं सांगू? मी फार दमलोय."

"मग निम्म्या तक्रारीही माझ्याकडे पाठवा. कसं ओरडतात ते मला चांगलं ठाऊक आहे!"

कुलूप लावायचं राहूनच गेलं. मी काही पुन्हा तरणा झालेलो नाही, दे-घे चालूच आहे. पण मित्रांनो, फुकट मिळालेल्या वस्तूतही कोणाचे तरी रविवार गेलेले असतात. ती बिघडली तर जरूर सांगा, पण माणसाला सांगतोय हे विसरू नका. आणि जमलं तर थोडा हात लावा.

आज पुन्हा रविवार आहे. टेबलावरचा चहाचा कप रिकामा आहे. हळू बोला हं, दादा झोपलाय.