कापड उभं की आडवं

कॉरीनने कापड कापायच्या मशीनचा दांडा फिरवला, दुसऱ्या बाजूने पाटी सरकत बाहेर आली. तिने वरचं प्लास्टिक उचललं, तर खाली पात्यांच्या साच्यावर कापलेल्या त्रिकोणांची चळत. सगळे एकसारखे, एकाचाही धागा लोंबत नव्हता. चर्चच्या तळघरातल्या सगळ्या बायका टेबलाभोवती गोळा झाल्या होत्या. लिंबाच्या वड्यांना कुणी हात लावला नव्हता आणि कॉफी निवत चालली होती.

"अगं बाई! हे तर आर्डिसपेक्षा सरळ कापतं!" व्हर्ना म्हणाली आणि तिने चक्क टाळ्या वाजवल्या.

आर्डिस म्हणजे मी. आमच्या गोधडी मंडळात कापड कापण्याचं काम माझ्याकडे आहे, तीसेक वर्षं तरी झाली असतील. गावातलं पोर शाळा संपवून बाहेर पडलं की चर्चकडून त्याला गोधडी मिळते. इथल्या अर्ध्या पोरांच्या अंगावर मी कापलेले तुकडे आहेत. त्यामुळे व्हर्नाचं वाक्य मला लागलंच, पण त्याहून जास्त लागल्या त्या टाळ्या. माझ्यासाठी तिने कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

व्हर्ना माझी लहानपणापासूनची मैत्रीण. संधिवाताने तिच्या बोटांना गाठी आल्या आहेत, कापायची चाकाची सुरी तिच्याने धरवत नाही. म्हणून दर मंगळवारी ती माझ्या स्वयंपाकघरात येते. मी पट्टी दाबून कापते, ती तुकड्यांच्या थप्प्या लावते. खरं तर काम तासाभराचं. आम्ही ते जेवणापर्यंत पुरवतो. ती बोलते, मी ऐकते, आणि आठवड्यातला तेवढाच एक दिवस मला मनापासून आवडतो.

आणि कॉरीन? ती मिनियापोलिसहून निवृत्त होऊन आली आणि आमच्या तळ्याकाठी घर बांधून राहिली. लाल चष्मा, रुपेरी केस. माझ्यापेक्षा बारीक आहे, तेही मी माफ केलं असतं. पण ती आल्यापासून व्हर्नाच्या तोंडी दुसरं नाव नाही. कॉरीन असं म्हणाली, कॉरीनने तसं केलं, कॉरीनची भाजी, कॉरीनचं मांजर. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आता कॉरीन स्वतःला विजेवर चालणारं नवीन मशीन घेणार होती आणि हे हाताचं मंडळाला निम्म्या किमतीत देणार होती. घ्यावं की नाही यावर बायकांची चर्चा सुरू झाली. शेवटी मंडळाची प्रमुख लव्होन म्हणाली, "आर्डिस, कापण्यातलं तुला कळतं. आठवडाभर घरी ने, वापरून बघ. तू हो म्हणालीस तर घेऊ, नाही म्हणालीस तर नाही."

मी गंभीर चेहऱ्याने मान डोलावली. मनातल्या मनात मशीन तेव्हाच परत पाठवून दिलं होतं.

घरी आणून मी ते जेवणाच्या टेबलावर मांडलं आणि उणिवा शोधायला बसले. सापडल्याही. साच्याच्या कडेला कापड वाया जातं. प्रत्येक आकाराला वेगळा साचा, आणि साचे काही स्वस्त नाहीत. उचलायला धोंड्यासारखं जड.

"जुना ट्रॅक्टर घ्यायला आल्यासारखी काय वाकून वाकून बघतेस?" माझा नवरा ऑर्विल म्हणाला. "चालतंय की नाही ते सांग."

चालत होतं, तीच तर पंचाईत होती. मी त्रिकोण कापले, शिवून चांदणी केली, आणि चांदणीची टोकं अशी जुळली की मला रडू यावं. माझ्या हातची जुळतात, पण दहातलं एखादं दगा देतंच.

सोमवारी संध्याकाळी व्हर्नाचा फोन आला. "अगं, उद्या मी येत नाही. कॉरीन मला फार्गोला नेतेय, कापडाच्या दुकानात. तिथेच जेवू म्हणते."

"मला नाही विचारलं तिने."

"तुझ्याकडे मशीन आहे ना गं सोबतीला!" व्हर्ना हसली. ती गंमत करत होती. मला हसू आलं नाही.

मंगळवारी मी एकटीच कापत बसले. डोक्यात राग होता, कापड कसं ठेवतेय तिकडे लक्ष नव्हतं. त्यातून एक चांदणी बिघडली. टोकं बोथट झाली, एक तर पार नाहीसं झालं. मी तुकडा ओढून पाहिला आणि माझ्या ध्यानात आलं. कापड मी आडवं ठेवलं होतं. उभा धागा ताणत नाही, आडवा ताणतो. मशीनच्या रुळाखालून जाताना कापड ताणलं जातं, ताणलेलंच कापलं जातं, आणि बाहेर आल्यावर आक्रसतं. उभं ठेवलं की काही त्रास नाही. मशीनचा दोष नव्हताच.

पण मशीनवरही उभं-आडवं पाळावं लागतं हे मला कळलं होतं, बाकीच्यांना नव्हतं. कॉरीनला कुणीतरी शिकवलं असणार, ती सवयीने उभंच ठेवत होती. मी ठरवलं. खोटं एक अक्षर बोलायचं नव्हतं मला. फक्त गुरुवारी सगळ्यांसमोर कापड आडवं ठेवायचं होतं.

गुरुवारी कॉरीनला दंतवैद्याकडून यायला उशीर होणार होता. देवच माझ्या बाजूने आहे असं मला वाटलं. मी साच्यावर कापडाच्या घड्या रचल्या, आडव्या. वर प्लास्टिक ठेवलं आणि दांड्याला हात घातला.

"थांब थांब, मी फिरवू?" व्हर्ना पुढे आली.

नाही कसं म्हणणार? तिने दांडा बोटांनी धरला नाही, तळव्याने ढकलत फिरवला. जीभ दातांत धरली होती, शाळेत धरायची तशी. पाटी बाहेर आली. व्हर्नाने एक त्रिकोण उचलून दिव्याकडे धरला.

"बघा गं! हे मी कापलं. मी!"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला कुठे बघावं कळेना. लव्होनने तुकडे घेतले आणि शिलाई मशीनवर बसली. मी कॉफी ओतून घेतली, प्यायले मात्र नाही.

थोड्या वेळाने लव्होनने चांदणी वर धरली. टोकं बोथट होती. बायका पुढे वाकल्या.

"हे असं कसं झालं? मागच्या वेळी तर छान आली होती," कुणीतरी म्हणालं.

"व्हर्ना, दांडा फिरवताना तुझा हात हलला असेल," लव्होन म्हणाली, तेही अगदी मायेने.

व्हर्नाने हात ॲप्रनखाली घेतले. "असेल गं. माझे मेले हातच असे. मी उगीच पुढे पुढे केलं."

हे मी धरलंच नव्हतं. मला मशीनची फजिती हवी होती. कॉरीनची झाली असती तर आणखी बरं. व्हर्ना ॲप्रनकडे अशी बघत होती की जणू त्याखालचे हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

"हात नाही हलला," मी म्हणाले. "कापड मी आडवं ठेवलं होतं."

"तू?" लव्होनला खरं वाटेना. "तू आडवं ठेवलंस?"

"हो, मी. चूक होते माणसाची."

व्हर्नाने एक त्रिकोण घेतला, दोन्ही दिशांनी ओढून पाहिला आणि मग माझ्याकडे पाहिलं. झोपेतसुद्धा मी कापड आडवं ठेवणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत नाही. तिला सगळं कळलं. तिने त्रिकोण खाली ठेवला.

"उभं ठेवते आता," मी म्हणाले. "तू परत फिरव."

तिने फिरवलं. या वेळची चांदणी सुरेख आली. तेवढ्यात कॉरीन आली, अर्धा गाल बधिर, आणि बायकांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. आर्डिसने आडवं कापड ठेवलं, हे तर दोनदा.

"मग?" लव्होनने विचारलं. "घ्यायचं का?"

"कापड थोडं वाया जातं. साचे महाग आहेत," मी म्हणाले. "पण घ्या. व्हर्नाला कापता येईल."

त्या दिवसापासून काम असं वाटलं गेलं. कॉरीन कापड लावून देते, व्हर्ना दांडा फिरवते, आणि तुकडे माझ्याकडे शिवायला येतात. मशीन टोकंसुद्धा छाटून देतं, मला छाटायला काही उरत नाही. मंगळवारी आता कुणी माझ्याकडे येत नाही. कापायचंच काही नसतं.

परवा व्हर्ना दांडा फिरवता फिरवता कॉरीनला आपल्या वडिलांच्या घोड्याची गोष्ट सांगत होती. बर्फ फुटून तो तळ्यात गेला आणि सगळ्या गावाने मिळून त्याला बाहेर ओढलं, ती. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की घोडा मीच ओढला असं मला वाटतं. कॉरीन भलत्याच ठिकाणी हसत होती.

"काय बरं नाव होतं त्याचं..." व्हर्ना अडली. दांडा थांबला.

मी पायाचा दाब सोडला. माझं शिलाई मशीनही थांबलं. ती वळून मला विचारेल म्हणून मी मान वर केली.

"जाऊ दे गं, होता एक घोडा," व्हर्ना म्हणाली आणि गोष्ट पुढे गेली.

बार्नी. त्याचं नाव बार्नी होतं.